आधी पाठ बघू

अमेरिकेत, आमच्या ॲन आर्बरमध्ये कुणाच्याही घरी गेल्या की कुमुदकाकू आधी सोफ्यावरची उशी उचलतात, चेन उघडतात आणि अभ्रा उलटा करून बघतात. चहा, खुशाली सगळं नंतर. "आधी पाठ बघू," म्हणतात. पाठीवर दोऱ्यांचा गुंता दिसला की घरच्या बाईची खैर नाही. उशी दुकानातली आहे, मशीनवर भरलेली आहे, असला बचाव त्यांच्यापुढे चालत नाही.

काकू निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. काका गेले, मुलगा लांब रेडमंडला. काकूंच्या हातात सदैव सुई. वेड मात्र तीनेकशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज बायकांच्या भरतकामाचं. जाड लोकरी धागा आणि त्यात भरलेलं वळणदार झाड, त्याची ताटाएवढी पानं, हरणं, सुरवंट. त्या बायका म्हणे घरातल्या उशा आणि पलंगाचे पडदे असे भरायच्या. "ते झाड आपल्या छिटाच्या कापडावरून गेलंय तिकडे. सुई त्यांची, झाड आपलं!" हे प्रत्येक भेटीत ऐकावं लागतं. खुद्द काकूंच्या पलंगालाही चारी बाजूंनी तसेच पडदे आहेत. सेंट्रल हीटिंगच्या घरात तंबू ठोकून झोपणारी बाई म्हणून आम्ही त्यांची भरपूर थट्टा करायचो. सगळ्यांत जास्त मी.

आम्ही घर घेतलं तेव्हा काकूंनी मला एक अभ्रा दिला. मोठाल्या पिवळट पानांवर एक लठ्ठ सुरवंट. मी तोंडभर कौतुक केलं आणि अभ्रा गिफ्टच्या कपाटात टाकला. असं कपाट इथे प्रत्येकीकडे असतं, उगाच साळसूदपणा नको. मग ऑक्टोबरमध्ये पुण्याहून नवीन आलेल्या केतकीची वास्तुशांत निघाली. मी काही आणलेलं नव्हतं. दिला तोच. काकूंची आणि तिची ओळखसुद्धा नव्हती.

जानेवारीत काकूंचा फोन. "अगं, त्या केतकीने हळदीकुंकवाला मलाही बोलावलंय. बर्फात मी ड्राइव्ह करत नाही. राइड देशील?"

दिली. आत शिरलो तर सोफ्याच्या मधोमध सुरवंट!

मी काही बोलायच्या आत काकूंनी उशी उचलली, चेन उघडली. मी शेजारीच होते, म्हणून मलाही दिसलं. उलट बाजूला बारीक लाल टाक्यांत भरलं होतं, 'अश्विनीच्या घरी'. अश्विनी म्हणजे मी. दोन वर्षं तो अभ्रा माझ्याकडे होता आणि मी तो एकदाही उलटून पाहिला नव्हता.

"काकू, कशी आहे पाठ?" काकूंची ख्याती ऐकून असलेली केतकी हसत आली. "अश्विनीताईंनी दिलाय. सो क्यूट ना?"

काकूंनी चेन लावून टाकली. "छान आहे हो. तुझ्या सोफ्यावर शोभतो."

परतताना त्या फक्त बर्फाबद्दल बोलल्या. शरमेनं मान खाली घालायची म्हटलं तर समोर रस्ता होता.

शनिवारी लाडू करून माफी मागायला गेले. "इकडेच ये गं," काकूंनी बेडरूममधून हाक मारली. पडद्यांच्या आत बसून त्या भरत होत्या. मी पहिल्यांदाच आत वाकले. पडद्यांना अस्तर नव्हतं. झाडं-हरणं बाहेरच्यांसाठी, आतून दिसत होती फक्त उलट बाजू. आणि तिथे, आडवं झाल्यावर नजरेला पडतील अशी नावं. काकांचं, मुलाचं, नातीचं, मग आमच्या सगळ्यांची. या तंबूवर मी किती हसले होते! एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती. माझं नाव शोधायची हिंमत होईना. त्यांनी ते उसवलं असतं तरी बरोबरच होतं.

"काकू, तो अभ्रा..."

"लाडवात वेलची घातलीस ना?" काकूंनी सुई माझ्यापुढे धरली. "एवढी ओवून दे. हल्ली दिसत नाही मला."

लाल धागा होता. ओवून सुई परत देताना नजर वर गेलीच. माझं नाव जिथल्या तिथे होतं. त्याच्या खाली नुकताच 'के' भरून झाला होता.