मुनीराच्या फोटोत समुद्र नसतो

मुनीरा समुद्रावर गेली की समुद्राकडे पाठ करून उभी राहते. बाकीची माणसं तिथे जाऊन समुद्राचे फोटो काढतात, निदान समुद्रापुढे स्वतःचा तरी काढतात. ही बया गुडघाभर पाण्यात शिरते, गर्रकन वळते आणि वाळूवरच्या माणसांचे फोटो काढते. एकदा आमच्या गल्लीची सहल उरणच्या किनाऱ्यावर गेली होती. सूर्य असा काही मावळत होता की माझे हात शिवशिवायला लागले. मी बोंबलून सांगितलं, "मुनीरा, मागे बघ, मागे!" ती शांतपणे म्हणाली, "बघितला काका. उद्या पण येणारे तो." आणि दोन्ही चपला एका हातात धरून उभ्या असलेल्या, नवरा भेळ घेऊन कधी येतो याची वाट बघणाऱ्या एका बाईंचा फोटो तिने काढला. फोटो झकास आला होता, पण ते मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

मला राग येण्याचं कारण म्हणजे मी स्वतः फोटोग्राफर. पनवेलच्या जुन्या बाजारात, मोहल्ल्याच्या तोंडाशी माझा स्टुडिओ आहे. हल्ली तिथे पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशन एवढंच चालतं. पण एके काळी लोक केसांना तेल लावून, घरातले सगळे दागिने घालून फोटोला यायचे. माझ्या उभ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा कुठलं वाक्य बोललो असेन तर "हलू नका." मुनीराचं याच्या बरोबर उलट. ती कॅमेरा डोळ्याला लावते आणि समोरच्याला म्हणते, "हला ना जरा. पुतळा आहात का?"

शाळेत असताना ती माझ्याकडे कॅमेरा शिकायला यायची. पहिल्याच आठवड्यात पासपोर्ट फोटोसाठी बसलेल्या एका गंभीर गृहस्थांना तिने असं काही बोलून हसवलं की त्यांचे मागच्या दाढांपर्यंतचे दात फोटोत आले. पासपोर्टला दात चालत नाहीत. मला फोटो पुन्हा काढावा लागला. गृहस्थांनी मात्र तो दातवाला फोटो मागून घेतला आणि मोठा करून घरात लावला. "बघा," मुनीरा म्हणाली, "ऑफिसला बंद तोंड, घराला उघडं."

तसं पाहिलं तर मी तिला ती चालायला लागली तेव्हापासून ओळखतो. तिचे अब्बा, इकबालभाई, कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामावर होते. दोन-अडीच वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचे, की पुन्हा गेले. दर ईदला तिची अम्मी, शमीमभाभी, मुनीराला नवा फ्रॉक घालून माझ्याकडे आणायच्या. फोटो कुवेतला जायचा. माझ्या स्टुडिओत तेव्हा एक रंगवलेला पडदा होता : निळाशार समुद्र, दोन माड, एक शिडाची होडी. मला त्या पडद्याचा भारी अभिमान. त्याच्यापुढे ही पोर मुठी आवळून उभी राहायची. "समुद्राकडे पाठ करायची सवय तुमच्याच पडद्याने लावली," असं शमीमभाभी मला अजूनही सुनावतात.

मोठी झाल्यावर ती एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागली. हातात कॅमेरा, ओढणीच्या टोकाला बांधलेल्या शेंगा, आणि डोळे फलाटावर. बसमधून उतरणाऱ्यांशी तिला काही देणंघेणं नाही. त्यांना न्यायला आलेल्यांचे फोटो काढायचे. महाडची गाडी लागली की कोणाची मान उंच होते, कोण टाचा उचलतो, कोण आपलं माणूस दिसूनही न दिसल्यासारखं करतो, हे ती मला करून दाखवायची. एकदा तिथल्या हवालदाराने हटकलं. हिने त्यालाच पाऊण तास समजावलं. शेवटी तो बिचारा टोपी नीट करून म्हणाला, "माझी मंडळी येतेय आता पेणच्या गाडीने. माझा काढता का?" तो फोटो मी पाहिला आहे. हवालदार त्यात अगदी नवरदेवासारखा दिसतो.

एवढं सगळ्या जगाशी बोलणाऱ्या या मुलीची एका माणसापुढे मात्र बोलती बंद व्हायची. इकबालभाई कुवेत कायमचं सोडून घरी आले तेव्हा ती कॉलेजात होती, आर्किटेक्चर शिकत होती. बापलेक एका घरात राहू लागले आणि दोघांचीही पंचाईत झाली. ती त्यांच्यासमोर ओढणी सावरून बसायची. ते तिला "चहा घेणार का बेटा?" असं पाहुण्याला विचारल्यासारखं विचारायचे. भांडण नाही, तंटा नाही, नुसती अदब. शमीमभाभी वैतागून म्हणायच्या, "माझ्या घरात दोन मेहमान राहतात."

संध्याकाळी इकबालभाई माझ्याकडे स्टुलावर येऊन बसायचे. माणूस मोठा गोड, पण अबोल. एक दिवस बराच वेळ पंख्याकडे बघून झाल्यावर मला विचारतात, "वसंतभाय, मुनीराला खायला काय आवडतं हो?" मी म्हटलं, "शेंगा." दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरात किलोकिलोच्या पिशव्या. मुनीराने "शुक्रिया, अब्बा" म्हटलं आणि त्या बरणीत भरून ठेवल्या. पुढे काही नाही. मला फार वाईट वाटायचं. आपल्याच मुलीची चौकशी शेजारच्या फोटोवाल्याकडे करायची वेळ कुणावरही येऊ नये.

अशात तिच्या कॉलेजने तिला एका सेमिस्टरसाठी स्कॉटलंडला पाठवायचं ठरवलं. कामोठ्याच्या खालापासून, म्हणजे तिच्या मावशीपासून, सगळ्यांनी सल्ले दिले. इकबालभाईंनी सल्ला दिला नाही. त्यांनी खोका बांधला. चाकांची नवी बॅग असतानाही एक पुठ्ठ्याचा खोका, त्यावर नायलॉनच्या दोरीच्या उभ्याआडव्या गाठी, आणि चारी बाजूंना काळ्या मार्करने नाव. "बेल्टवर सगळ्या बॅगा सारख्या दिसतात," एवढंच म्हणाले. आजकालची कुठली मुलगी असला खोका घेऊन परदेशी जाईल? ही गेली. निघताना बापाने मान हलवली, लेकीने मान हलवली. झाला निरोप.

आणि मग सुरू झाले फोटो. तिकडच्या पश्चिम किनाऱ्याला पुष्कळ बेटं आहेत आणि बेटांवर जायला बोटी. दर शनिवारी ही बोटीत बसणार, बेटावर जाणार. आम्ही सगळे खानदानाच्या ग्रुपवर डोळे लावून. मी शेजारी असून त्या ग्रुपात आहे, कारण वाढदिवसाचे फोटो मीच टाकतो. आम्हाला वाटलं, कडे दिसतील, लाटा दिसतील, किल्ला दिसेल. आला कोण? तर पिवळं जॅकेट घालून धक्क्यावर उभा असलेला एक टकल्या. पुढच्या शनिवारी छत्री उलटी झालेल्या दोन म्हाताऱ्या. मग एक कुत्रा, जो म्हणे प्रत्येक बोटीला येतो, उतरणाऱ्या सगळ्यांना हुंगतो आणि नाराज होऊन घरी जातो. खालाने लिहिलं, "किल्ला कुठाय?" कुणीतरी विचारलं, "पिवळ्या जॅकेटवाल्याची शादी झालीय का?"

माझी अडचण वेगळीच होती. सगळे फोटो तिरके! मी लिहिलं, "क्षितिज सरळ ठेव." तिने उत्तर पाठवलं, "काका, बोट हलते, मी हलते, ते पण हात हलवतात. सरळ काय राहणार?" पुढे कळलं की ती बेटावर फिरतही नाही. उतरते, धक्क्यावर चहा पिते आणि त्याच बोटीने परत येते. बोटीवरच्या माणसांना वाटायचं, पोरगी दर वेळी काहीतरी विसरते. एका बेटावर एक म्हातारी होती, तिचं कुणीच यायचं नाही, पण ती बोटीला यायची. तिने मुनीराला हात करायला सुरुवात केली. मग एका शनिवारी तिच्यासाठी घरचा केक घेऊन आली. त्या म्हातारीचा फोटो मी ग्रुपवर पाहिला आणि पहिल्यांदाच क्षितिजाबद्दल काही लिहिलं नाही. पोरीला नजर आहे. माझ्याकडे नव्हती ती, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

इकबालभाई ग्रुपवर एक अक्षर लिहायचे नाहीत. संध्याकाळी यायचे आणि म्हणायचे, "जरा मोठा करा." मी कॉम्प्युटरवर फोटो मोठा करायचो. ते चष्मा कपाळावर चढवून एकेक चेहरा बघायचे. एक दिवस म्हणाले, "एवढा समुंदर सोडून ही लोकांचे चेहरे बघते. अकेली पडलीय पोरगी. मला माहीत आहे ते." मी म्हटलं, "मग फोन करा की." ते म्हणाले, "करून बोलू काय?"

ती परत यायच्या दिवशी विचुंब्याच्या बाळारामची गाडी ठरवली. मोहल्ल्यात कुणी आखातातून येणार असेल तर बाळारामच लागतो. शमीमभाभी, खाला, खालाची पोरं आणि इकबालभाई. मी नको म्हणत होतो. इकबालभाईंनी माझा हात धरला. "तुम्ही चला. तुम्हाला तिच्याशी बोलता येतं." बसलो गाडीत. विमानतळावर बाळाराम म्हणाला, "तुमी जा पुढं, आमी हितंच हाय. पन लवकर या, हितं जास्ती येल उभं ऱ्हाऊ देत नाय."

मुनीरा बाहेर आली ती जाड स्वेटर घालून, ढकलगाडीवर तोच खोका. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. आणि ही दारातच थांबली! मागे ढकलगाड्यांची रांग लागली, शिपाई ओरडायला लागला, एक बाई "अहो, चला ना" म्हणून करवादली. हिने शांतपणे गळ्यातला कॅमेरा उचलला, एक फोटो काढला, मगच पुढे आली. शमीमभाभींनी तिला मिठी मारली. इकबालभाई शेवटी पुढे झाले आणि म्हणाले, "उकडत नाही का?" ती म्हणाली, "उकडतंय." गाडीत मग पनवेल येईपर्यंत खालाच बोलत होती.

दोन दिवसांनी ती तो फोटो मोठा करून घ्यायला माझ्याकडे आली. इकबालभाई स्टुलावर होतेच. तिला पाहून ते उठायला लागले, मी त्यांना खांदा दाबून बसवलं. कॉम्प्युटरवर फोटो उघडला. खाला दोन्ही हात हलवतेय, पोरं उड्या मारतायत, शमीमभाभींची ओढणी डोळ्यांवर, मी पोट आत घेतलेलं. आणि सगळ्यांच्या मागे, खांबाआडून, अर्धेच इकबालभाई.

"तुम्ही कशाला मागे जाऊन उभे राहिलात?" मी चिडून विचारलं.

इकबालभाई ओशाळले. "मी ह्या बाजूला कधी उभाच राहिलो नव्हतो, वसंतभाय. मी नेहमी बाहेर येणारा. कुठं थांबायचं, हात कधी करायचा, काही समजेना."

मुनीरा फोटोकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून बोलायला लागली, पण ते माझ्यासाठी नव्हतं हे मलाही कळत होतं. "आणि मी कधी त्या बाजूने आले नव्हते. अब्बा सुट्टीवर यायचे, विमानतळाच्या दारातून बाहेर पडायचे, तेव्हा त्यांना आम्ही कशा दिसत असू, ते मला बघायचं होतं. म्हणून तर बोटीत बसायचे."

इकबालभाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सांगू कशा दिसायचात?" ते तिलाच म्हणाले. "आधी तुझी अम्मी दिसायची. तू दिसायची नाहीस. मी फोटोतल्या मुलीला शोधायचो. पण फोटो जुना, तू तोवर मोठी झालेली. सगळ्यांची पोरं पळत पुढे यायची. एकच पोरगी अम्मीच्या मागे लपायची. मग समजायचं, ही आपली."

मुनीरा म्हणाली, "मी लपायचे नाही, अब्बा. बाहेर येणाऱ्यांतले तुम्ही कोण, तेच मला कळायचं नाही. सगळ्यांना मिशा, सगळ्यांकडे खोके. चुकीच्या माणसाकडे पळत गेले असते तर?"

इकबालभाईंचा चेहरा बघवेना. मी उगीचच माऊस इकडेतिकडे हलवला. मग त्यांनी विचारलं, "आणि परवा?"

"परवा एका सेकंदात ओळखलं," ती म्हणाली. "एवढ्या सगळ्यांत तुम्ही एकटेच लपला होतात."

इकबालभाई हसले आणि त्यांचे डोळे भरून आले. मुनीराने दुसरं स्टूल ओढलं, त्यांच्या शेजारी मांडलं आणि ती त्यांना फोटोतला एकेक जण बोटाने दाखवायला लागली. दारात एक जण पासपोर्ट फोटोसाठी येऊन उभा होता. त्याला मी बाहेर नेऊन सांगितलं, उद्या या.