चौदावा बार

वानखडे काकांच्या उजव्या हाताची नखं वाढलेली असतात आणि डाव्या हाताची अगदी मांसापर्यंत कापलेली. उजवी नखंही अशीतशी नाहीत. रोज सकाळी काका व्हरांड्यात बसून ती पॉलिश पेपरनं घासतात, उन्हात धरून पाहतात आणि पुन्हा घासतात. अमरावतीच्या या कॉलनीत मी राहायला आले आणि पहिले दोन महिने ती नखं बघून नुसतीच गोंधळत राहिले.

कॉलनीत यावर मतभेद होते. कुणी म्हणे नवस आहे, कुणी म्हणे डाव्या हाताला कसलासा त्वचारोग आहे. समोरचे इंगोले म्हणत, "रिटायर मानूस हाये. एका हाताचं काम करते, दुसरा हात पेंडिंग ठेवते. खात्याची सवय, दुसरं काय!"

काका सरकारी खात्यात रस्त्यांचे ओव्हरसिअर होते. परतवाडा, अचलपूर, चांदूर बाजार इकडचे निम्मे रस्ते आपल्या नजरेखालून गेले, असं ते अभिमानानं सांगत. रस्ता खराब निघाला तर मात्र तो त्यांच्या बदलीनंतरचा असे.

एक दिवस ते लोणच्याची बरणी घेऊन दारात उभे राहिले. मी कॉलेजात शिकवते, म्हणून त्यांच्या लेखी मी मॅडम.

"मॅडम, एवढं झाकन उघडून द्या. माहं नख तुटन."

मी झाकण उघडलं आणि हिय्या करून विचारलं, "काका, ही नखं कशासाठी?"

"गिटारसाठी."

"गिटार?"

"हाव. क्लासिकल."

एकेक शब्द मला कळला, सगळं मिळून काहीच कळलं नाही.

आमची आणि त्यांची भिंत एकच. त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. संध्याकाळी साडेपाचला काका हात नसलेल्या खुर्चीत बसत, डावा पाय विटेवर ठेवत, गिटार डाव्या मांडीवर घेत आणि चार सूर वाजवत. मग तेच चार सूर. मग पुन्हा तेच. गाणं येईल म्हणून मी वाट बघायची. सुरुवातीचे कित्येक महिने गाणं आलंच नाही.

"काका, हे कुठलं गाणं?"

"गानं नाही. रोडसारखा बेस भरून राहिलो." मग त्यांनी मला कागद दाखवला. त्यावर रेघा, त्यांवर ठिपके, ठिपक्यांवर अक्षरं. "अंगठ्याले पी म्हनते. मंग आय, एम, ए."

"का म्हणतात?"

"मले नाही मालूम. सर म्हनते म्हून मीबी म्हनतो."

खात्यात असताना त्यांची बोटं दोऱ्या ताणत आणि गिट्टी चाळत जाड झाली होती. एक तार दाबायला गेलं की दोन दबत. करंगळी तर कुणाचंच ऐकत नसे. "एकसष्ट वर्सं तिले काही कामच सांगतलं नाही," काका म्हणत, "आता सांगतो तं ते रुसून बसते." बोटांची टोकं आधी लाल झाली, मग सोलली, मग टणक झाली. पाठ दुखायची. सोमवारी बोटांत बसलेलं बुधवारपर्यंत निसटायचं. पण घाई केलेली त्यांना चालत नसे. "मुरूम बसू द्या," हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. रोलर फिरवून मुरूम नीट बसल्याशिवाय वर डांबर टाकणाऱ्याला त्यांनी आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या.

त्यांच्या बायकोचा, शीलाकाकूंचा, या सगळ्यावर विश्वास नव्हता. त्यात काका दर रविवारी सकाळच्या बसनं अकोल्याला शिकायला जायचे. गिटारची काळी पेटी इतकी मोठी, की एका कंडक्टरनं खाली वाकून हळूच विचारलं होतं, "काका, यात कोन हाये?" आणि परत आले की काका व्हरांड्यात बसून सांगायचे, "आजबी चौदाव्या बारमध्येच अडकलो."

संगीताच्या कागदावर उभ्या रेघांनी जे घर पाडतात त्याला बार म्हणतात. हे मला कळायला वेळ लागला. कॉलनीला तर कळलंच नाही. इंगोल्यांनी काकूंना बाजूला घेऊन समजावलं, "वहिनी, पह्यल्या तेरा बारचं जाऊ द्या. पन या वयात चौदा म्हंजे जास्त होते." काकूंनी त्या दिवशी काकांचं तोंड हुंगून पाहिलं. भिंतीपलीकडून मला फक्त काकांचा आवाज आला, "आवं, कागदावरचा! कागदावरचा बार!"

अकोल्याचं प्रकरण असं सुरू झालं होतं. काका बहिणीकडे गेले होते. तिच्या शेजारच्या घरात कुणीतरी वाजवत होतं. काका दूध आणायला निघाले आणि पातेलं हातात धरून त्या फाटकाशी तासभर उभे राहिले. वाजवणारे अँथनी सर, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी आतून विचारलं, "काय पाहिजे?" काकांनी सांगितलं, "मालूम नाही." आणि त्याच आठवड्यात शिकणं सुरू झालं.

एका दुपारी भिंतीवर धाडधाड थापा पडल्या. "मॅडम, या लवकर!" काकू पडल्या असं वाटून मी अनवाणी धावले. काका विटेवर पाय ठेवून बसले होते. "आयका," म्हणाले, आणि त्यांनी एकच तार छेडली.

एकच सूर. तोवर त्यांच्या गिटारातून टक असा आवाज यायचा. हा सूर गोल होता. तो खोलीत थांबला, हळूहळू विरला, आणि विरल्यावरही आम्ही दोघं ऐकत राहिलो.

"हा मीच वाजोला," काका म्हणाले. त्यांचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. "तीस वर्सं रोड केले मॅडम. असा एकबी नाही झाला."

पुढे काही महिन्यांनी कॉलनीच्या कार्यक्रमात त्यांनी वाजवलं. गिटार म्हटल्यावर सिनेमातली गाणी होणार, अशी सगळ्यांची खात्री. काकांनी पाय ठेवायला वीट नेली, डोळे मिटले आणि अकोल्यात शिकलेला चार मिनिटांचा एकमेव तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. नंतर कुणी टाळी वाजवेना. मागून आवाज आला, "काका, तारा जुळल्या असन तं करा चालू!"

"झालं," काका म्हणाले आणि वीट उचलून खाली उतरले.

मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त कोड्यात पडले ते दुसऱ्याच गोष्टीनं. एव्हाना भिंतीतून ऐकून तो तुकडा मला पाठ झाला होता. चौदावा बार कुठे येतो तेही कळत होतं. काका तो स्वच्छ वाजवत होते. कार्यक्रमात वाजवला, घरी रोज वाजवत होते. मग दर रविवारी अकोल्यात अडकत कसे होते? आणि वर्षभर?

उत्तरपत्रिका तपासायच्या कामानं मला एका रविवारी अकोल्याला जावं लागलं. काम दुपारीच आटोपलं आणि काकांनी सांगितलेल्या पत्त्यावर मी पोचले.

अँथनी सर ऐंशीच्या घरातले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, घरातच. भिंतीशी पाच खुर्च्या मांडलेल्या, चार रिकाम्या. सरांचे हात थरथरत होते. ते आता स्वतः वाजवत नाहीत हे विचारायची गरज नव्हती.

काका वाजवू लागले. तेरा बार सुरेख गेले. चौदाव्यात काकांची करंगळी सरळ दांडीवरच्या चुकीच्या पडद्यावर जाऊन पडली. इतकी ठाम, की मीच दचकले.

"नो, नो, नो!" सर खुर्चीतून उठले. मघापर्यंत त्यांना उठायला टेबलाचा आधार लागत होता. ते काकांच्या मागे जाऊन उभे राहिले. काकांची करंगळी धरून योग्य जागी ठेवली, मनगट सरळ केलं, खांद्यावर थाप मारून तोंडानं ताल धरला. त्या एका घरावर पाऊण तास गेला. सरांचा चेहरा लालबुंद झाला होता. "अजून तयार नाही, वानखडे," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या रविवारी या."

काका चपला घालायला पुढे गेले तसं सरांनी मला फाटकाशी थांबवलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही शेजारी ना? घरी बरोबर वाजवतो ना तो?"

मी गडबडले. "हो सर. रोज."

सर हसले. "मला वाटलंच. मी विचारलं असं त्याला सांगू नका."

परतीच्या बसमध्ये पेटी आम्हा दोघांच्या गुडघ्यांवर आडवी होती. मूर्तिजापूर मागे पडलं. मग राहवलं नाही.

"काका, तुम्ही मुद्दाम चुकलात ना?"

काकांनी पेटी गुडघ्यांवर नीट सरकवली.

"आमी पाच जन होतो शिकाले," ते म्हणाले. "आता लोकं फोनवर शिकते. मी एकटाच उरलो. मागच्या साली एकदा पुरं बरोबर वाजोलं. सर म्हनले, 'वानखडे, झालं तुमचं. आता माझ्याकडे द्यायला काही नाही.' उठले, आन् खुर्च्या एकावर एक ठेवाले लागले. मी म्हनलं, सर, एक डाव पुन्हा आयका. आन् चौदाव्यात चुकोलं."

"मग?"

"मंग त्याईनं खुर्च्या पुन्हा मांडल्या." ते माझ्याकडे वळले. "त्याईले सांगू नोका मॅडम. वाईट वाटन त्याईले."

"नाही सांगत," मी म्हटलं. एका दुपारी मी दोन म्हाताऱ्यांना एकमेकांविरुद्ध शब्द देऊन बसले होते.

बडनेऱ्याला काका डुलकीतून जागे झाले.

"कसे वाटले सर?"

"चांगले आहेत, काका."

"हाव," ते म्हणाले. पेटीवरची धूळ त्यांनी बाहीनं पुसली. "मानूस लय मोठा हाये. फक्त सोमवार ते शनिवार त्याईचा जात नाही."