कूलरवाल्या चाचांची कासवं

जळगाव जामोदात कूलर घरोघरी आहे, पण शेळीला कूलर लावून देणारा माणूस फक्त आमच्या गल्लीत राहतो. खलीलचाचा. उन्हाळ्यात रोज दुपारी ती शेळी गार हवेत डोळे मिटून रवंथ करत बसते, आणि शाळेत पोरांना शिकवून घामाघूम परत आलेली मी तिच्याकडे बघून जळते. खोटं कशाला बोलू?

चाचांचा धंदाच कूलर बनवायचा. पत्रा कापायचा, वाळ्याची ताटी बसवायची, पंप जोडायचा. पण धंदा नुसता निमित्ताला. त्यांच्या मते जगातलं झाडून सगळं दुःख गरमीतून येतं. समोरच्या घरात सासू-सुनेचं वाजलं की चाचा ओट्यावरून सल्ला देणार, "दोघीयच्या मधात एक कूलर ठेवा!" माझ्या वर्गातला एक पोरगा गणितात नापास झाला, तर मला म्हणाले, "मॅडम, पोरगं ढ नाही. टाळकं तापलं त्याचं. सांगतो ना मी!" आमच्या ह्यांचे केस गेले, तेही गरमीनं. 'सांगतो ना मी' म्हटलं की विषय संपला. पुढे बोलाल तर बर्फाचं पाणी हातात देऊन गप्प करतात.

चाची गेल्यावर त्यांची लेक, जावई आणि नात झोया त्यांच्याजवळच राहायला आली होती. मागच्या वर्षी परीक्षा आटोपल्या आणि जावयाची बदली पुण्याला झाली. झोयाची दोन कासवाची पिल्लं होती, बिस्किटाएवढी, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली. पुण्याच्या घरमालकाला घरात जनावर नको होतं. पोरीनं रडून गल्ली डोक्यावर घेतली. शेवटी प्लास्टिकचा डबा चाचांच्या हातात देऊन तिनं बजावलं, "नाना, मैं दिवाली की छुट्टी में आऊंगी. इनको कुछ हुआ ना, तो आपसे कभी बात नहीं करूंगी." गाडी वळणापलीकडे गेली तरी चाचा डबा धरून रस्त्यातच उभे होते.

झालं! ऐन सीझनमध्ये दुकान बाजूला आणि कासवांची टाकी सुरू. कुणाच्या तरी मोडक्या शोकेसच्या काचा आणल्या, सिलिकॉननं चिकटवल्या. तयार झालं ते काय? काचेचा कूलर! एका बाजूला पंप, दुसऱ्या बाजूला वाळ्याची ताटी, वरून पंखा. पंप चालू केला आणि ती इवलीशी पिल्लं जत्रेतल्या पाळण्यात बसल्यागत गरगरायला लागली.

"अहो चाचा, बंद करा ते!"

"खेळून राह्यले मॅडम थे."

"खेळत नाहीयेत, वाहून जातायत!"

मग पंपाच्या तोंडाशी विटेचा तुकडा ठेवून जोर मोडला. टाकी मांडली निजायच्या खोलीत, चाचांच्या स्वतःच्या कूलरसमोर. रोज पाण्यात बर्फाचा खडा. वर काकडी. एक दिवस तर कासवांना गारवा म्हणून टाकीत ताक ओतलं. आमच्याकडे नळ येतो तेव्हा येतो, आणि ते ताकाचं पाणी फेकून टाकी परत भरायला हे माझ्याच हौदावर हजर! मी तेव्हा काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पिल्लं थंडच पडली. खाईनात, हलेनात. एकाचे डोळे सुजून मिटले. आणि रोज संध्याकाळी झोयाचा फोन.

"नाना, खाया क्या उन्होंने?"

"खाया ना बेटा! पूरी भेंडी खा ली. मेरे लिए भी नहीं छोड़ी."

फोन ठेवला की चाचांचं तोंड एवढंसं व्हायचं.

शेवटी मीच पिल्लं घमेल्यात घालून चाचांना ओढत जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. पोरगेला डॉक्टर, सगळी हयात म्हशी-बैलांत जाणार असलेला. घमेल्यातले पेशंट बघून तो आधी हसला. मग कुणा मित्राला फोन लावून बराच वेळ हूं हूं करत राहिला आणि म्हणाला, "चाचा, यांना थंडी वाजतेय. कासवाचं अंग आपोआप तापत नाही. पाणी कोमट हवं, पाण्याबाहेर चढून बसायला कोरडी जागा हवी, तिच्यावर दिवा, आणि सकाळचं ऊन. ऊब नसली की अन्न पचत नाही, म्हणून खात नाहीत." डोळ्यांत घालायला थेंब दिले.

"मे महिन्यात थंडी? जळगाव जामोदात?" चाचा रस्ताभर फणफणत होते. "डॉक्टर नवा हाये मॅडम. आयुष्यभर लोकायले थंड केलं मी. आता स्वताच्या घरात गरमी करू? काऊन? सांगतो ना मी..." पुढचं काही आलंच नाही. घमेल्यातल्या त्या मिटल्या डोळ्यांकडे बघत ते चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून मी भांडी घासत होते, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चाचांचा कूलर वाजत नव्हता. उन्हाळाभर तो खडखडाट आमच्या सामाईक भिंतीतून ऐकू येतो. भर दुपारी, लाइन गेलेली नसताना, चाचांचा कूलर बंद? साबणाच्या हातांनीच धावले मी.

चाचा जिवंत होते, अल्लाची कृपा. बनियनवर, घामानं नुसते न्हालेले, टाकीजवळ पाटावर बसले होते. पंखासुद्धा बंद. बर्फ नाही, वाळा नाही. टाकीत छपराचं एक कवेलू तिरपं टेकवलेलं, अर्धं पाण्यात, अर्धं बाहेर. वर पिवळा बल्ब, कोंबडीची पिल्लं उबेला ठेवतात तसला, कुणाच्या तरी पोल्ट्रीतून मागून आणलेला. कवेलूवर एक कासव चारी पाय ताणून पसरलं होतं. सुजऱ्या डोळ्याचं पाण्यात होतं. डोळा किलकिला करून ते समोरच्या खाद्याच्या गोळीकडे बघत होतं. बघता बघता त्यानं मान पुढे काढली आणि ती गिळली.

"पाह्यलं?" चाचा कुजबुजले. "मॅडम, खाल्लं! आज खरंच खाल्लं!"

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यावरच ओरडले, "अहो, पण या भट्टीत तुम्ही मराल ना! टाकी समोरच्या खोलीत न्या. तिथं बल्ब लावा, इथं कूलर. ती पण सुखी, तुम्ही पण."

चाचांजवळ ताट होतं. बेसन आणि भाकरी. लेक पुण्याला गेल्यापासून हा माणूस उभ्या उभ्या चहात टोस्ट बुडवून दिवस काढत होता. मी पाठवलेली पोळी-भाजी शेळीपुढे पडलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. आज ताटातली अर्धी भाकरी संपली होती.

"त्या खोलीत कोनीच नसते, मॅडम," ते म्हणाले. "एकट्याले जेवन नाही जात."

"चाचा, कासवांना काय कळतंय त्यातलं?"

"कासवायचं नाही सांगून राह्यलो मी."

मी पदरानं घाम पुसला आणि तिथंच फरशीवर बसले. चाचांनी लगबगीनं दुसरं ताट काढलं, त्यात भाकरी वाढली, बेसन वाढलं, कांदा फोडला. मी नुकतीच जेवून उठले होते, पण त्यांना काही बोलले नाही.