नऊ खांबांचा मांडव

आग्नेल मास्तरांनी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर अंगणाचा नकाशा काढला. विहिरीकडून वारा येतो म्हणून ती बाजू मोकळी, वर नारळाच्या झावळ्या, खाली नऊ खांब आणि सहा खुर्च्या. एक आपली, पाच येणाऱ्यांच्या. बायको डेल्फिन होती तोवर घरात माणसांची सारखी ये-जा असे. ती सगळी तिच्याकडे येत होती, हे मास्तरांना ती गेल्यावर कळलं. मुलगा कॉन्रॅड मस्कतला. आता फ्रान्सिस तेवढा संध्याकाळी वाडीतून परतताना कुंपणापाशी दोन मिनिटं थांबे आणि शेजारची अँजेलिना शुक्रवारी कालवणाची वाटी देई. बसायला सावली नाही म्हणून कोणी टेकत नाही, असं मास्तरांनी गणित मांडलं होतं.

मांडव झाला. पुढच्या बाजूने ऊन येतं म्हणून मास्तरांनी आपल्याच वाडीतल्या दोन केळी मुळासकट आणून खांबांशी लावल्या. नव्या मांडवाखाली भिंत कळकट दिसायला लागली, तेव्हा तिला चुना मारला. लग्नाचं सामान भाड्याने देणाऱ्या फेबियनकडे खुर्च्या मागितल्या. किती दिवसांसाठी, असं त्याने विचारलं. "आता कायमच्याच," मास्तर म्हणाले, आणि फेबियन गालातल्या गालात हसला.

धुतलेला सदरा घालून मास्तर खुर्चीत बसले. कोणी आलं नाही. फ्रान्सिस गेला तोही टोपी डोळ्यांवर ओढून, थेट. शुक्रवारी कालवण आलं नाही. रविवारी चर्चमधली मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर बायका त्यांच्याकडे बघून कुजबुजल्या. मास्तरांनी खुर्च्यांची तोंडं रस्त्याकडे फिरवून पाहिली. तरी नाही. रोज सकाळी ते पाचही रिकाम्या खुर्च्यांवरचा कचरा झटकत, आणि संध्याकाळी पुन्हा एकटेच बसत.

शेवटी ते अँजेलिनाची वाटी परत करायला गेले.

"असू दे तिकडेच. नवरीला लागेल," ती म्हणाली.

"कुठली नवरी?"

"आता मलाच विचारा. दारात मांडव, मांडवाला केळी, भिंतीला चुना. देवळात फादरने लग्नाचं नाव पुकारलं नाय, म्हणजे मुंबईला गुपचूप उरकणार. साठीत लग्न करा, आमचं काय जातंय? पण गावात एकाला आवतन नाय, मास्तर. बिनआवतनाचं मांडवात शिरायला आम्ही काय उपाशी आहोत?"

मास्तर काही बोलायच्या आत दार लागलं.

माणसं यावीत म्हणून घातलेला मांडवच माणसांना अडवून उभा होता. मास्तर तडक घरी आले, कोयता घेतला आणि पहिल्या खांबाची दोरी कापली. खांब धाडकन पडला.

त्या आवाजासरशी फ्रान्सिस कुंपण ओलांडून आला. त्याने मास्तरांच्या हातातला कोयता काढून घेतला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. मागोमाग अँजेलिना आली, पदराखाली कालवण झाकून. फेबियन आला, आणखी दोघं आली. मोडलेल्या मांडवात यायला आवतन लागत नाही.

मग फ्रान्सिसने हळूच विचारलं, "कुठली होती नवरी, मास्तर?"

खरं सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं. समोर पाहिलं तर सहाही खुर्च्या भरल्या होत्या. विहिरीकडून छान वारा येत होता.

"लांबची," ते म्हणाले.

दिवेलागणीला उठताना अँजेलिनाने बजावलं, "उद्या पण येतो आम्ही. मांडव मोडेपर्यंत माणसाला एकटं सोडू नये."

मास्तरांनी मान डोलावली. आठ खांब उरले होते. रोज एकच काढायचा, असं त्यांनी ठरवलं. मग जरा विचार करून, आठवड्याला एक.