टबातली लागर आणि नाताळचा मासा

"नाताळ उलटू दे फक्त! माझ्या घरची लागर बिअर प्यायला अख्खं पिल्झेन रांग लावेल! आणि वोंद्रा, त्या रांगेत तू सगळ्यात शेवटी!"

गळ्याला मफलर गुंडाळून, भर पबात लुबोश क्रातिनाबुवांनी ही गर्जना केली. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस, आवाज पुढच्या स्टॉपपर्यंत जाणारा! आणि कारणही तसंच होतं. तापाने आठवडाभर अंथरूण धरलेले बुवा बरे होऊन कोपऱ्यावरच्या पबात आले, तर नेहमीच्या टेबलाशी, हीटरला लागून असलेल्या त्यांच्या खुर्चीत, गावात नवा आलेला दातांचा डॉक्टर पेलिकान पाय पसरून बसलेला!

"अरे, तू गेलास असं कोणीतरी म्हणालं," पबचा मालक वोंद्रा ग्लास विसळत म्हणाला.

"कोणीतरी म्हणालं? आणि तू लगेच खुर्ची वाटून मोकळा झालास? अंगावर माती तरी पडू द्यायची होतीस!"

"डॉक्टरांची पाठ दुखते रे. तू बस ना कुठेही."

कुठेही! ज्या खुर्चीच्या लाकडाला बुवांच्या बैठकीचा आकार आला होता, ती सोडून कुठेही! बुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंग्लंडमधल्या जावयाने घरच्या घरी बिअर करायचा सगळा संच पाठवला होता: घट्ट पाकाचा डबा, यीस्टची पुडी आणि खाली तोटी असलेलं प्लॅस्टिकचं पिंप. इतके दिवस तो कपाटावर धूळ खात पडला होता. आता बुवांना तो आठवला आणि वरची घोषणा तोंडून निघून गेली.

टेबलावरची मंडळी पोट धरून हसली.

"डब्यातल्या पाकाची लागर? बिअरसाठी जगात नावाजलेल्या पिल्झेनमध्ये?" वोंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. "लुबोश, तुझ्या त्या लागरचा एक ग्लास मी तळापर्यंत रिकामा केला ना, तर डॉक्टरांना उठवून ती खुर्ची मोकळी करून देईन. हा माझा शब्द!"

शब्द सगळ्यांनी ऐकला. बुवा तडक घरी आले.

पाक पाण्यात कालवणं, साखर घालणं, वर यीस्ट भुरभुरवणं, हे कोणालाही जमेल. पण लागरला लागते थंडी, आणि थंडी आणायची कुठून? बुवांच्या इमारतीतले हीटर सरकारी जावयासारखे, कोणाचंच ऐकत नसत. बाहेर बर्फ आणि घरात सगळे बनियनवर! तळघरातून गरम पाण्याचे नळ गेलेले. गॅलरीत ठेवावं तर पिंपाचा दगड झाला असता. शेवटी बुवांनी बाथटब गार पाण्याने भरला आणि पिंप त्यात उभं केलं.

"आणि मी आंघोळ कुठे करू?" त्यांची बायको हेदविका हिने विचारलं.

"बहिणीकडे कर. इथे माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे!"

बिचारी हेदविका खांद्यावर टॉवेल टाकून ट्रामने बहिणीकडे जाऊ लागली. इकडे बुवा टबाशेजारी बसून पिंपातली बुडबुड ऐकत आणि प्रत्येक बुडबुड्यागणिक डॉक्टर पेलिकानला खुर्चीतून उठवत.

नाताळ दोन दिवसांवर आला तेव्हा हेदविका बाजारातून परतली, ती पिशवीत वळवळणारा कार्प मासा घेऊनच.

"हे काय?" बुवा दारात आडवे झाले.

"काय म्हणजे? नाताळच्या जेवणाचा मासा. परवापर्यंत जिवंत राहायला हवा. सरक, टबात सोडायचाय."

"टबात लागर आहे!"

"मासा टबातच राहतो. तुझी आईसुद्धा टबातच ठेवायची."

"आईच्या टबात लागर नव्हती!"

"लुबोश, मासा टबात राहील, नाहीतर मी बहिणीकडे राहीन. आंघोळीपुरती नव्हे!"

मासा टबात गेला. बुवा संतापाने स्वयंपाकघरात जाऊन बसले. आतून धपाधप आवाज आले, मग एकदम सगळं शांत झालं. ती शांतता बुवांना काही बरी वाटली नाही.

दार उघडलं तर टबभर फेस! माशाने शेपटी आपटून पिंपाची तोटी उघडली होती. पिंप हलकं होऊन आडवं तरंगत होतं आणि सोनेरी पाण्यात कार्पमहाशय कुशीवर कलंडून, लग्नघरातल्या मामासारखे तृप्त पडले होते.

"चोरा! दरोडेखोरा!" बुवा माशावर ओरडले.

"अगं बाई, माझा मासा मेला!" हेदविका धावली.

"तुझा मासा? माझी लागर मेली, तिचं काय?"

"टबाचं बूच काढ! चांगलं पाणी भर!"

"बूच? एवढी लागर माझ्या हाताने गटारात सोडू? जीव गेला तरी नाही!"

"मग वोंद्राकडे ने त्याला! ग्लास धुवायच्या हौदात गार पाणी वाहतं असतं. पळ!"

बुवांनी बादली बुडवून टबातल्या पाण्यासकट मासा उचलला आणि बर्फातून धापा टाकत पब गाठला.

"आली! लुबोशची लागर आली!" सगळं टेबल ओरडलं. "आणि बादलीतून!"

बादलीवर चांगला बोटभर फेस होता. बुवांना दम लागलेला, तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात वोंद्राने अर्ध्या लिटरचा ग्लास बादलीत बुडवलासुद्धा!

"थांब... ते..."

"का? घाबरलास?" वोंद्राने ग्लास तोंडाला लावला.

पहिल्याच घोटाला त्याचे डोळे विस्फारले. पण मंडळी टेबलं बडवत होती आणि पिल्झेनचा पबवाला चारचौघांत ग्लास अर्धा टाकतो की काय? त्याने डोळे मिटून तळ गाठला.

"मातकट आहे," तो कसाबसा म्हणाला. "आणि मागाहून जरा... तळ्यासारखी लागते."

डॉक्टर पेलिकान कुतूहलाने बादलीवर वाकले. मासा शुद्धीवर येत होता. त्याने अशी शेपटी हाणली की डॉक्टरांचा चष्मा फेसाने भरला!

"तळापर्यंत प्यालास!" बुवांना आता कंठ फुटला. "सगळ्यांनी पाहिलं! उठा डॉक्टर!"

डॉक्टर उठले. वोंद्रा हिरवा पडला होता. "पण ह्यात मासा कसा?"

विजयाच्या भरात बुवांनी टब, शेपटी, तोटी असं सगळं साग्रसंगीत सांगितलं. तिथेच घात झाला.

"म्हणजे तोटी उघडून बिअर काढली ती ह्याने?" वोंद्राने तोंड पुसलं. "मंडळी, आपल्याकडे काय म्हणतात? भट्टीवाला बिअर शिजवतो, पण बिअर करतो तो तोटीतून काढणारा!"

सगळ्या टेबलाने माना डोलावल्या. ह्या म्हणीपुढे पिल्झेनमध्ये कोणाचं काही चालत नाही.

"काढणारा हा. खुर्ची ह्याची," डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले.

"मासा बसणार? माझ्या खुर्चीत मासा?" बुवा किंचाळले.

"हळू बोल, त्याचं डोकं दुखत असेल," वोंद्रा म्हणाला. त्याने स्वच्छ गार पाण्याचं मोठं पातेलं खुर्चीवर ठेवलं आणि माशाला अदबीने आत सोडलं. मागोमाग हेदविका मासा न्यायला आली, तर सगळं टेबल उभं राहिलं. "नेहमीच्या गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही!"

त्या वर्षी क्रातिनांच्या घरी नाताळला नुसतं बटाट्याचं सॅलड झालं.

बुवा अजून रोज पबात जातात. जागा एकच उरली आहे, संडासाच्या दारालगत. येणारा प्रत्येकजण आधी खुर्चीपाशी थांबतो, टोपी काढून माशाला "शुभ संध्याकाळ" म्हणतो आणि मग बुवांकडे वळून म्हणतो, "जरा सरकता का? आत जायचंय."