जाईचं बाळंतपण

रविवारी अकरा वाजता ठाण्याच्या प्राणिमित्र संस्थेतल्या प्रगती मॅडम जाईला बघायला येणार होत्या आणि जाई अजून उंबरा ओलांडायला तयार नव्हती.

जाई ही आठ वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री. पिल्लं विकण्याचा धंदा करणाऱ्या एका माणसाच्या पिंजऱ्यात तिची सात वर्षं गेली होती. संस्थेने तिला सोडवली, पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन केलं आणि पंधरा दिवसांपूर्वी खोडाळ्याच्या निशाबाईंकडे दिली. निशा शाळेत शिक्षिका, नवरा रोहिदास मोखाड्याला कारकून. दोघांनी सह्या केलेल्या कागदावर अटी दोनच होत्या. पंधरा दिवसांत कुत्री आपल्या पायांनी घराबाहेर आली नाही, तर ती रुळली नाही असं समजून परत नेण्यात येईल. आणि घरात पिल्लांची खरेदी-विक्री आढळली, तर ताबडतोब नेण्यात येईल.

दुसऱ्या अटीची काळजी नव्हती. पहिलीची मात्र निशाला धास्ती होती. जाई कपाटाशेजारी अंग चोरून बसायची. सकाळ-संध्याकाळ रोहिदास तिला उचलून अंगणात न्यायचा. तीस किलोंचं ते धूड उचलून त्याची कंबर धरली होती, पण बायकोचा चेहरा बघून तो पुन्हा वाकत होता.

शनिवारी दुपारी शेजारची भागीमावशी डोकावली.

"बाई, हिची पिल्लं कुठंशी?"

"पिल्लं नाहीत, मावशी."

"मंग आचळं कशी लोंबत्यात? परवाच व्यालेली दिसतंय."

निशा वह्या तपासत होती. डोकं वर न करता ती म्हणाली, "विकली हो सगळी. साठेक असतील."

कोणी विकली, ते सांगायचं राहून गेलं. पाड्यावर व्यालेल्या कुत्रीला घरोघरचं पीठ, गूळ, तेल गोळा करून शिरा घालतात. ही तर पिल्लं तोडलेली बाळंतीण! निशा आणि रोहिदास भागीमावशीला घराकडे लक्ष ठेवायला सांगून बाजारात कंबरेचं मलम आणायला गेले, तेवढ्यात सात घरचा शिरा आला. परतले तेव्हा जाई रिकामी परात चाटत होती आणि बायका रोहिदासकडे डोळे वटारून बघत होत्या.

"भाऊसाहेब, सरकारी पगार हाय ना तुमाला? मुक्या जनावराची पोरं विकलीत?"

"मी? अहो, मी कुठं..."

"साठ!" भागीमावशी म्हणाली. एका कुत्रीला एका वेळी साठ पिल्लं होत नाहीत, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी तेला-गुळाने जाईच्या पोटात आपला प्रताप दाखवला. साडेदहाला रोहिदास तिसऱ्यांदा फरशी पुसत होता, तेव्हा भागीमावशीचा नवरा सुकऱ्या डोक्यावर बांबूच्या टोपलीसारखं डालगं घेऊन अंगणात आला. त्यात चार पिल्लं वळवळत होती.

"जीपखाली कुत्री गेली ना, तिची हायेत. इकलेली काय परत यायची नाय, भाऊसाहेब. हिच्या म्होरं ठेवा. बरं वाटंल तिला."

"सुकऱ्या, आज नको रे बाबा! मॅडमनी पिल्लं बघितली तर मी धंदाच मांडला म्हणतील!"

तोवर गाडी दारात आली. रोहिदासने पिल्लांवर डालगं उपडं घातलं आणि त्याला पाठ टेकून जमिनीवरच बसला.

"जाई कुठे आहे?" प्रगती मॅडमनी विचारलं.

"आत आहे. येईल आता," निशा म्हणाली.

डालग्यातून कुंई-कुंई ऐकू आलं. रोहिदास जोरात खोकला.

"खोकला कधीपासून आहे?"

"पंधरा दिवस," तो म्हणाला आणि पुन्हा खोकला.

इतक्यात कुडाच्या कुंपणापलीकडून भागीमावशी ओरडली, "मॅडम, इचारा ह्यांना! साठ पिल्लं इकलीत!"

संपलं सगळं, निशाला वाटलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

आणि जाई उंबऱ्यावर दिसली. तिने एक पाय बाहेर टाकला, मागे घेतला, पुन्हा टाकला. मग तरातरा आली आणि रोहिदासच्या कंबरेत डोक्याने ढुशी दिली. "आई गं!" म्हणून तो आडवा झाला, डालगं कलंडलं. जाई पिल्लांपाशी पसरली आणि एकेकाला चाटू लागली.

"वळखली बघा आपली पोरं!" भागीमावशीने पदर डोळ्यांना लावला.

निशाने हुंदके देत शिऱ्यापासून डालग्यापर्यंत सगळं एका दमात सांगितलं. मॅडमनी ते ऐकलं आणि पिल्लं चाटणाऱ्या जाईकडे बघत फॉर्म काढला. त्या काय लिहितायत ते बघायची निशाची हिंमत होईना.

"म्हणजे... नेणार तिला?"

"हिला कशाला नेऊ? ही रुळली," मॅडम म्हणाल्या. त्यांनी अंगणात आडव्या रोहिदासकडे आणि पदराने नाक पुसणाऱ्या निशाकडे बघितलं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. "मी महिन्याने पुन्हा येईन. तुम्ही दोघं रुळलात का ते बघायला."