शिवराजअप्पांचा एक कान

मुरुडच्या पेठेत शिवराजअप्पांच्या किराणा दुकानात काही मागायचं असेल, तर आधी हात वर करावा लागतो. साखर न्यायला आलेली म्हातारी असो की तलाठी, सगळे शाळेतल्या पोरांसारखे हात वर करून उभे. मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत अप्पांनी व्याह्यांनाही हात वर करायला लावला होता. व्याही लातूरचे, जरा तोऱ्यातले. तरी सोयरीक जमली.

अप्पांचा डावा कान तरुणपणी गालगुंडात गेला. उजवा ठणठणीत. त्यामुळे ऐकू सगळं येतं, फक्त कुठून येतं ते कळत नाही. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आवाज एका कानात आधी पोचतो, दुसऱ्यात किंचित उशिरा, आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. अप्पा आम्हाला त्याचं सार सांगायचे, "मेंदूला दोन साक्षीदार लागत्यात. माझा एक फुटला." मोटारसायकलचा हॉर्न वाजला की ते जागच्या जागी गोल फिरायचे आणि नेमके गाडीपुढे जाऊन उभे राहायचे. आम्ही शेजारी पोट धरून हसायचो.

मग अप्पांच्या बायकोला, महानंदाकाकूंना, विसर पडायला लागला. आधी भाजीतलं मीठ, मग लेकीचं नाव, मग घर. दार उघडं दिसलं की त्या निघायच्या. अप्पा गल्लीत उभं राहून हाका मारायचे, काकू कुठूनतरी "अवो" म्हणायच्या आणि अप्पा भलतीकडेच धावत सुटायचे. माझं हसू तिथेच आटलं. मी त्यांच्यासोबत शोधायला जाऊ लागलो.

एका बाजाराच्या दिवशी मी नेमका नांदेडला लग्नाला गेलो होतो. काकू आमच्याच बोळाच्या तोंडाशी बसून अप्पांना बोलावत होत्या. अप्पांनी ऐकलं, थबकले, मान वळवली आणि पाठ फिरवून तडक एसटी स्टँडकडे गेले. पानवाल्याने हे पाहिलं. त्यानेच काकूंना घरी आणून सोडलं.

त्यानंतर काकू कुठे जाईनाशा झाल्या. चला, एक घोर मिटला, असं मी अप्पांना म्हणून बसलो. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. अप्पांकडे मला बघवेना.

"आता हाकच मारंना ती," अप्पा म्हणाले. "तिला वाटतंय, म्या ऐकून बी पाठ फिरवली. लई समजावलं. घर इसरली, लेक इसरली. येवढंच इसरंना."